डार्विनने जगभर एक प्रश्नावली पाठवली होती, त्यातला एक कागद आपल्या नगरलाही आला होता

१८६७ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या डाउन नावाच्या एका खेड्यातून छापील प्रश्नांचे कागद जगभर रवाना झाले. प्रश्नही कसले, तर आश्चर्य वाटलं की तिकडच्या माणसांचे डोळे आणि तोंड उघडतं का? भुवया वर जातात का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का, आणि होत असेल तर ती लाली अंगावर कुठपर्यंत उतरते? रुसलेली पोरं ओठ पुढे काढून बसतात का? हो म्हणताना मान वरखाली आणि नाही म्हणताना आडवी हलते का?

आता तुम्ही म्हणाल, हे काय विचारणं झालं? पण विचारणारा माणूस चार्ल्स डार्विन होता. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक येऊन सात वर्षं उलटून गेली होती आणि अर्ध्या जगाला त्याचं नाव माहीत झालं होतं.

हे कागद ऑस्ट्रेलियात गेले, न्यूझीलंडला गेले, बोर्निओ, चीन, आफ्रिका, थेट दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकापर्यंत गेले. आणि एक आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरलाही आला.

नगरहून काय उत्तर गेलं, ते पुढे येईलच. पण त्याआधी हा माणूस लोकांना असे प्रश्न का विचारत होता, ते बघू.

डार्विन म्हटलं की आपल्याला आठवतं जहाज, गॅलापागोसची बेटं आणि शाळेच्या पुस्तकातलं ते माकडापासून माणसापर्यंतचं चित्र. पण जहाजावरचा प्रवास पाच वर्षांचा. १८३६ साली तो परत आला आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे जवळपास ४५ वर्षं, त्याने ब्रिटनबाहेर पाऊलही टाकलं नाही. ज्या पुस्तकांनी जग हलवलं ती सगळी त्याने घरी बसून लिहिली. आणि घरी बसून जगाची माहिती मिळवण्याचा त्याचा मार्ग एकच होता. लोकांना पत्र लिहून विचारायचं.

मामाने लिहिलेलं पत्र

तसं बघितलं तर डार्विनचं आयुष्यच एका पत्राने मार्गी लागलं. १२ फेब्रुवारी १८०९ ला श्रुसबरी गावात त्याचा जन्म झाला. वडील मोठे डॉक्टर, पैशाला कमी नाही. पोराला डॉक्टर करायला एडिनबराला पाठवलं, तर तिथली ऑपरेशनं बघून तो पळाला. मग पाद्री व्हावा म्हणून केंब्रिजला घातलं, तर तिथे तो किडे गोळा करत फिरू लागला.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या हेन्स्लो या प्राध्यापकांचं पत्र आलं. बीगल नावाचं जहाज जगप्रवासाला निघतंय, कप्तानाला सोबत म्हणून निसर्गाची आवड असलेला एक तरुण हवाय, जातोस का? वडिलांनी साफ नकार दिला. हे असलं हिंडणं पाद्र्याला शोभत नाही, पुढे जाऊन पोरगं स्थिर होणार नाही, असे एकूण आठ आक्षेप त्यांनी काढले. डार्विनने काय केलं, तर ते आठही आक्षेप कागदावर उतरवले आणि मामाकडे गेला. मामा जोसाया वेजवूड यांनी एकेका आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देणारं पत्र मेहुण्यांना लिहिलं. वडील विरघळले.

याच मामाच्या मुलीशी, एमाशी, १८३९ साली डार्विनचं लग्न झालं. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, तिथेही तेव्हा नव्हती. पण या लग्नातून आलेला एक प्रश्न डार्विनला पुढे बरीच वर्षं सतावत राहिला. त्याकडे येऊ.

त्याच वर्षी त्याने आपली पहिली प्रश्नावली छापून घेतली. आठ पानांची, २१ प्रश्नांची. विषय होता जनावरांची पैदास. दोन वेगळ्या जातींचा संकर केला तर पिल्लं कोणावर जातात, एखादा गुण किती पिढ्या टिकतो, असे प्रश्न. जनावरं पाळणाऱ्या जमीनदारांना आणि शेतकऱ्यांना त्याने ती धाडली. पण एका प्रश्नाच्या पोटात दोन-तीन उपप्रश्न कोंबलेले. ज्याला सकाळी उठून गोठ्यात जायचंय तो माणूस एवढं लिहीत कधी बसणार? आज या प्रश्नावलीला आलेली फक्त दोन उत्तरं शिल्लक आहेत. पुढच्या २८ वर्षांत डार्विन प्रश्न विचारायला कसा शिकला, हे बघायचं असेल तर ही १८३९ ची पत्रिका आणि १८६७ चा तो कागद शेजारी ठेवून बघावेत.

मध्ये एक गोष्ट मात्र त्याच्या पथ्यावर पडली. तोवर इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा, आणि अंतर जास्त तर पैसे जास्त. म्हणजे अनोळखी माणसाला पत्र लिहिणं म्हणजे त्याच्या खिशाला चाट लावणं. जानेवारी १८४० पासून नियम बदलला. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत, आणि पैसे आधी भरायचे ते पाठवणाऱ्याने. आता कोणालाही बेधडक विचारता येणार होतं.

१८४२ मध्ये डार्विन कुटुंब लंडनपासून १६ मैलांवरच्या डाउन गावात राहायला गेलं. तब्येतीने डार्विन कायमचा रडतखडत. उलट्या, थकवा, धडधड. चार पाहुणे आले तरी तो आजारी पडायचा. पत्राचं मात्र तसं नव्हतं. ते सकाळी बरं वाटत असताना वाचता यायचं आणि वाटेल तेव्हा बाजूला ठेवता यायचं.

कबुतरवाल्यांच्या अड्ड्यावर

डार्विनच्या डोक्यात सिद्धांत १८३८ पासून होता. पण पुरावा हवा होता. माणूस निवड करून जनावरांची रूपं बदलू शकतो, तर निसर्गही करू शकेल, हे दाखवायचं होतं. त्यासाठी त्याने कबुतरं निवडली. १८५५ मध्ये घरी कबुतरखाना बांधला आणि लंडनच्या दोन कबुतर क्लबांचा सभासद झाला.

तिथे येणारे बरेचसे साधे कारागीर, दुकानदार. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अशा लोकांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. डार्विन त्यांच्यात जाऊन बसायचा, पाइप ओढत गप्पा ऐकायचा आणि घरी येऊन पत्रांतून बारीकसारीक शंका विचारायचा. कोंबड्या-कबुतरांवर लिहिणारा टेगेटमायर नावाचा पत्रकार होता, त्याच्याशी तर पुढे कितीतरी वर्षं पत्रव्यवहार चालला.

इथे डार्विनची खरी हुशारी दिसते. कबुतरवाल्यांची ठाम समजूत होती की प्रत्येक जातीचं कबुतर वेगळ्या रानटी पक्ष्यापासून आलंय. डार्विनने त्यांची निरीक्षणं घेतली, समजूत घेतली नाही. सगळ्या जाती एकाच पारव्यापासून आल्या, हा निष्कर्ष त्याने त्यांच्याच माहितीवरून काढला. माणसाने स्वतः काय पाहिलं आणि त्यावरून त्याला काय वाटतं, या दोन गोष्टी तो कटाक्षाने वेगळ्या ठेवायचा. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला हे शिकवायला अख्खं सत्र लागलं होतं.

त्याच सुमारास त्याने परदेशात राहणाऱ्या माणसांची एक यादी केली. तुमच्याकडची पाळीव कबुतरं-कोंबड्यांची कातडी पाठवाल का, असं विचारायला. भारतातूनही मदत झाली. मद्रासहून वॉल्टर एलियट यांनी नमुने पाठवले, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लिथ पानंच्या पानं लिहून पाठवायचा. आणि यादीत मलाया द्वीपसमूहात पक्षी-कीटक गोळा करत फिरणाऱ्या एका तरुणाचंही नाव होतं. आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्याने १८५६ मध्ये लोंबोक बेटावरून डार्विनसाठी एक बदक पाठवलं.

दोनच वर्षांनी, जून १८५८ मध्ये, त्याच वॉलेसने डार्विनला एक निबंध पाठवला. डार्विनने तो उघडला आणि त्याला घाम फुटला. २० वर्षं आपण जो सिद्धांत कपाटात ठेवला, तोच वॉलेसने स्वतंत्रपणे शोधून लिहून काढला होता.

आता हा सिद्धांत आधी आपल्याला सुचला हे डार्विनने सिद्ध कसं करायचं? कामी आलं एक जुनं पत्र. हार्वर्डला एसा ग्रे नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. डार्विनने १८५५ मध्ये त्याला अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या झाडांबद्दल काही विचारलं होतं, तेही त्रास देतोय म्हणून माफी मागत. त्यातून ओळख वाढली आणि सप्टेंबर १८५७ मध्ये, म्हणजे वॉलेसचा निबंध येण्याच्या नऊ महिने आधी, त्याने ग्रेला सिद्धांताचा थोडक्यात आराखडा लिहून पाठवला होता. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेसचा निबंध, डार्विनच्या १८४४ च्या टिपणातला भाग आणि ग्रेला लिहिलेल्या पत्राची प्रत, असं सगळं एकत्र वाचलं गेलं. डार्विन तिथे नव्हता. तीन दिवसांपूर्वीच त्याचं दीड वर्षाचं बाळ तापाने गेलं होतं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबर १८५९ मध्ये पुस्तक आलं, १२५० प्रतींची पहिली आवृत्ती. पुढचं सगळं जगाला माहीत आहे.

नगरचं उत्तर

आता येऊ १८६७ च्या कागदावर. डार्विनला दाखवायचं होतं की राग, भीती, लाज, दुःख चेहऱ्यावर दिसण्याची पद्धत जगातल्या सगळ्या माणसांत सारखीच आहे. तसं असेल तर सगळ्या माणसांचे पूर्वज एक, याला आधार मिळणार होता. गोरे आणि काळे मुळातच वेगळ्या जातीचे प्राणी आहेत असं छातीठोकपणे सांगणारे शास्त्रज्ञ तेव्हा होते आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते फार आवडायचे. गुलामगिरीचा तिरस्कार डार्विनला घरातूनच मिळाला होता. एडिनबरात असताना पक्ष्यांत पेंढा भरायला त्याला शिकवलं, ते जॉन एडमनस्टन नावाच्या एका मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय माणसाने.

या वेळचे प्रश्न छोटे होते, संख्येने १६-१७. शिवाय सूचना स्पष्ट होती. आठवणीवर विसंबून लिहू नका. समोर प्रत्यक्ष घडताना पाहिलं असेल तेच लिहा, प्रसंग काय होता तेही लिहा. सर्वसाधारण मतांचा मला फारसा उपयोग नाही. ३६ जणांची उत्तरं आली. त्यात बरेच मिशनरी आणि सरकारी माणसं होती.

नगर भागात तेव्हा एर्स्किन नावाचा इंग्रज राहत होता. त्याने प्रामाणिकपणे लोकांचे चेहरे निरखायला सुरुवात केली आणि अडकला. त्याने कळवलं की नक्की असं काही सांगता येत नाही, कारण इथली माणसं युरोपियन समोर असला की मनातलं काहीच चेहऱ्यावर येऊ देत नाहीत. मग त्याने कानडा जिल्ह्यातले न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मागवली, काही शहाण्यासुरत्या देशी गृहस्थांनाही विचारलं.

मला विचाराल तर ३६ उत्तरांमधलं हे सगळ्यात खरं उत्तर आहे. साहेब समोर उभा असताना आपला शेतकरी राग दाखवेल कशाला? पुढे आठच वर्षांनी, १८७५ मध्ये, याच पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. कोऱ्या चेहऱ्यांच्या आड काय होतं ते तेव्हा सरकारला कळलं आणि चौकशीला आयोग नेमावा लागला.

डार्विनचं कौतुक एवढ्यासाठी की त्याने नगरचं हे अपयश लपवलं नाही. १८७२ च्या भावनांवरच्या पुस्तकात, अगदी सुरुवातीलाच, एर्स्किनची अडचण नोंदवली. पण त्या देशी गृहस्थांची नावं मात्र पुस्तकात नाहीत. विचारणारा साहेब, लिहिणारा साहेब, आणि ज्यांचे चेहरे बघितले ते निनावी. साम्राज्याच्या टपालावर उभं राहिलेलं हे संशोधन होतं, हे विसरून चालत नाही.

दुसरी खोट प्रश्नांतच होती. आश्चर्य वाटलं की भुवया वर जातात का, असं विचारलं की समोरच्याला कळतं काय उत्तर हवंय. आजच्या सर्व्हेवाल्यांनी असा प्रश्न पहिल्या फटक्यात खोडला असता. पण गंमत अशी की डार्विनला हा धोका दुसऱ्या एका ठिकाणी बरोबर दिसला होता. फ्रान्सचा ड्युशेन नावाचा डॉक्टर एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन फोटो काढायचा. हे फोटो डार्विनने विसाहून जास्त सुशिक्षित स्त्री-पुरुषांना एकेक करून दाखवले आणि एवढंच विचारलं की या माणसाला काय वाटत असेल? स्वतः काही सुचवलं नाही. काही फोटोंवर जवळजवळ सगळ्यांचं एकमत झालं, काहींवर प्रत्येकाने भलतंच सांगितलं. मग डार्विनला कळलं की खाली लिहिलेली ओळ आधी वाचली, की चेहऱ्यावर आपल्याला तेच दिसायला लागतं.

संसदेने नाकारलेला प्रश्न

एमा आणि चार्ल्सला दहा मुलं झाली. तीन लहानपणीच गेली. लाडकी मुलगी ॲनी १० वर्षांची असताना १८५१ मध्ये गेली, तेव्हा तर डार्विन पार कोसळला. उरलेल्यांच्याही तब्येती नाजूक. आपण मामाच्या मुलीशी लग्न केलं त्याचं हे फळ तर नाही ना, ही भीती त्याच्या मनात घर करून होती. घरच्या बागेत त्याने ११ वर्षं प्रयोग केले. स्वतःच्याच परागाने फळलेल्या झाडांची रोपं कमजोर निघतात, असं त्याला दिसत होतं.

पण झाडं म्हणजे माणसं नव्हेत. माणसांचं उत्तर हवं तर माणसांना विचारायला हवं, आणि तेही हजारो घरांत. १८७१ ची जनगणना तोंडावर होती. डार्विनने आपला शेजारी आणि खासदार जॉन लबक याला गाठलं आणि सुचवलं की जनगणनेच्या तक्त्यात एक प्रश्न वाढवा. तुमचं लग्न चुलत-मामे-आते भावंडांत झालंय का?

१८७० मध्ये लबकने तो संसदेत मांडला आणि संसदेने तो फेटाळला. लोकांच्या घरात डोकावायचं कशाला, काही पंडितांच्या कुतूहलासाठी सरकारने का राबायचं, असा सूर होता. डार्विन चिडला, आणि ती चीड त्याने पुस्तकातही उतरवली. पण त्या खासदारांची बाजू अगदीच टाकाऊ होती असं मला वाटत नाही. जनगणनेच्या तक्त्यात काय विचारावं आणि काय नाही, यावर आपल्याकडे आजही भांडणं होतात.

शेवटी त्याच्या मुलाने, जॉर्जने, ते काम अंगावर घेतलं. लोकांना पत्रं पाठवली, मनोरुग्णालयांच्या प्रमुखांकडून आकडे मागवले. १८७५ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला की अशा लग्नांमुळे फार मोठा तोटा होतो याचा पक्का पुरावा सापडत नाही. बापाच्या मनाला यातून किती दिलासा मिळाला, ते त्यालाच माहीत.

डार्विनची रोजची पत्रं हे तर एक वेगळंच प्रकरण. जगभरात त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५ हजार पत्रं आज माहीत आहेत, आणि पत्र लिहिणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास. केंब्रिजमध्ये १९७४ साली ती छापायचं काम सुरू झालं, ते ३० खंडांपर्यंत गेलं. मूर्ख माणसांच्या पत्रांनाही तो उत्तर द्यायचा, नाही दिलं तर मनाला लागून राहायचं. उपयोगाचं पत्र असेल तर कापून विषयवार फोल्डरमध्ये घालायचा. अभ्यासिकेत असे ३०-४० फोल्डर होते. आणि माहिती देणाऱ्याचं नाव पुस्तकात छापायचा, मग तो माळी असो की लॉर्ड. कलकत्त्याच्या बागेतला जॉन स्कॉट हा असाच मूळचा माळी.

१८७३ मध्ये गंमत झाली. त्याच्या नात्यातल्या भावाने, फ्रान्सिस गाल्टनने, मोठ्या शास्त्रज्ञांसाठी एक प्रश्नावली काढली आणि ती डार्विनलाही आली. जन्मभर दुसऱ्यांना तक्ते पाठवणारा माणूस आता स्वतः तक्ता भरायला बसला. अंगचे खास गुण कोणते, या रकान्यात त्याने कळवलं की असे काही नाहीत, फक्त व्यवहार बरा जमतो. हिशेब ठेवणं, पत्रांना उत्तरं देणं आणि पैसे नीट गुंतवणं.

फेब्रुवारी १८८२. डार्विन ७३ वर्षांचा, छाती दुखायची, फार चालवत नव्हतं. नॉर्दम्प्टन गावच्या एका बुटांच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. पाण्यातला एक भुंगा सापडलाय, त्याच्या पायाला छोटा शिंपला घट्ट चिकटलाय. एका तळ्यातले शिंपले दुसऱ्या तळ्यात कसे पोहोचतात, हा डार्विनचा जुना प्रश्न. त्याने लगेच उलट टपाली विचारलं. शिंपल्याची लांबी-रुंदी किती? कोणता पाय पकडलाय? किती भाग आत आहे?

व्यापाऱ्याने भुंगा आणि शिंपला दोन्ही पाठवून दिले. भुंग्यात अजून थोडी धुगधुगी होती. त्याला लवकर आणि त्रासाशिवाय मरण यावं म्हणून डार्विनने त्याला चिरलेल्या लॉरेलच्या पानांबरोबर बाटलीत ठेवलं. त्या माहितीवर त्याने एक टिपण लिहिलं आणि ते ६ एप्रिलला नेचर साप्ताहिकात छापून आलं. १९ एप्रिलला डार्विन गेला.

त्या व्यापाऱ्याचं नाव होतं वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक. १९५३ मध्ये जेम्स वॉटसनसोबत डीएनएची रचना शोधून काढणारा फ्रान्सिस क्रिक हा त्याचाच नातू.